हाड वर आलेले नाही, खांदा खाली उतरला आहे

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे आणि तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळतो. अकरा दिवसांपूर्वी मातीच्या मैदानावर चढाई करून परतताना मध्यरेषेपाशी त्याची पकड झाली. तो उजव्या खांद्यावर आदळला आणि त्याच्या अंगावर तिघे पडले. तेव्हापासून खांद्याच्या टोकाशी हाड वर आले आहे. तालुक्याला एक्स-रे काढला, त्यावर 'एसी जॉइंट सुटला, ग्रेड ३' असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी सांगितले की प्लेट टाकावी लागेल, तीन आठवड्यांच्या आत ठरवा. दुसरे म्हणाले, काही करू नका, पाऊच (हात गळ्यात अडकवून ठेवायची झोळी) घाला. शेजारच्या गावच्या हाडवैद्यांनी हाडावर कापसाची गादी ठेवून काखेतून घट्ट पट्टा बांधला आहे आणि महिनाभर सोडू नका असे बजावले आहे. मुलगा पोलीस भरतीचीही तयारी करतो, मैदानी चाचणी साधारण चार महिन्यांवर आहे. त्याची आई रोज रात्री ते हाड बोटांनी दाबून बघते. दाबले की बसते, सोडले की पुन्हा वर येते. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेला एक्स-रेचा फोटो मी नीट पाहिला. त्यावरून जे सांगता येते ते सांगतो, आणि जे केवळ मुलाला समोर बसवून तपासल्यावरच ठरू शकते तेही कोणते, हे स्पष्ट करतो. पहिली गोष्ट आजच करावी : हाडवैद्यांनी बांधलेला पट्टा सोडावा आणि हात साध्या पाऊचमध्ये, कोपराला खालून आधार मिळेल असा ठेवावा. दुसरी गोष्ट या आठवड्यात करावी : दोन्ही खांद्यांचा एकत्र एक्स-रे आणि एक व्यवस्थित तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि त्यासाठी तुमच्या हातात अजून पुरेसे दिवस आहेत.

हे मी का सांगतो ते कळण्यासाठी खांद्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. खांद्यात एकच सांधा असतो असे आपण धरून चालतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत फिरतो तो मोठा सांधा सर्वांना ठाऊक असतो, आणि 'खांदा निखळला' असे आपण म्हणतो तेव्हा तोच निखळलेला असतो. तुमच्या मुलाचा हा सांधा जागेवर आहे. त्याच्या वरच्या बाजूला, शर्टाची शिवण जिथे खांद्याच्या टोकाला येते तिथे, दुसरा एक लहान सांधा असतो. पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचा कणा पुढे येऊन खांद्यावर छपरासारखा टेकतो, त्या टोकाला ॲक्रोमिअन म्हणतात. छातीकडून आलेले कॉलर बोन तिथे येऊन त्याला मिळते. हाच एसी जॉइंट. त्याच्या भोवतीचे अस्थिबंध कॉलर बोनला मागेपुढे सरकू देत नाहीत. याशिवाय फऱ्याच्या हाडाला पुढच्या बाजूला कावळ्याच्या चोचीसारखा एक आकडा असतो आणि त्या आकड्यापासून वर कॉलर बोनपर्यंत दोन जाड अस्थिबंध गेलेले असतात. खरा भार या दोघांवर असतो.

जुन्या घरांत आढ्याला शिंके टांगलेले असे. कॉलर बोन म्हणजे ते आढे, फरा आणि त्याला जोडलेला सगळा हात म्हणजे शिंके, आणि हे दोन अस्थिबंध म्हणजे शिंक्याच्या दोऱ्या, असे समजा. खेळाडू हात अंगाशी असताना खांद्याच्या टोकावर आदळतो तेव्हा फरा एकदम खाली रेटला जातो, पण कॉलर बोन त्याच्याबरोबर फार खाली जाऊ शकत नाही. आधी सांध्याभोवतीचे बंध तुटतात, आणि जोर आणखी असेल तर या दोऱ्याही तुटतात. दोऱ्या तुटल्यावर शिंके खाली येते, आढे मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. मानेच्या स्नायूच्या ओढीने कॉलर बोन किंचित वर जातही असेल, पण तुम्हाला जो उंचवटा दिसतो तो मुख्यतः खांदा खाली उतरल्यामुळे दिसतो. हात लांबलचक आणि वजनदार असतो, दिवसभर तो खाली ओढत राहतो. मुलाला आरशासमोर उघड्या अंगाने उभे करून दुसऱ्या कोणी त्याचे कोपर तळहाताने हलकेच वर उचलून धरावे. उंचवटा बराचसा नाहीसा झालेला तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता त्या घट्ट पट्ट्याचा विचार करा. आढे दाबून शिंके वर येत नाही. हाड खाली दाबून ठेवायचे असेल तर त्या दाबाने हाताच्या वजनावर सहा-आठ आठवडे, झोपेतही, क्षणाचीही ढिलाई न होता मात करावी लागेल. एवढा दाब कातडी सोसत नाही. गादीखालची कातडी आधी लाल होते, मग काळवंडते आणि मग तिथे जखम होते. पुढे शस्त्रक्रियेची गरज पडलीच तर नेमकी तीच जागा खराब झालेली असते. काखेतल्या पट्ट्याने नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच. हा उपाय गावच्या वैद्यांनीच शोधला आहे असेही नाही. दुसऱ्या शतकातला प्रसिद्ध ग्रीक वैद्य गॅलेन याला आखाड्यात कुस्ती खेळताना हीच दुखापत झाली होती, आणि त्यानेही स्वतःवर घट्ट पट्ट्यांचाच उपाय करून पाहिला होता. आधुनिक वैद्यकातही दाब देणारे खास पट्टे गेल्या शतकात बराच काळ वापरले गेले आणि साध्या झोळीपेक्षा त्यांचा अधिक लाभ होत नाही असे दिसल्यावर ते मागे पडले. हाडवैद्यांच्या हेतूबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. ताज्या दुखापतीवर जोराचे मालीश आणि 'हाड बसवण्यासाठी' दिलेला झटका मात्र कृपया होऊ देऊ नका.

एक्स-रेवर लिहिलेल्या 'ग्रेड ३' या शब्दांनी तुम्ही अधिक घाबरलात असे पत्रावरून वाटते. या दुखापतीच्या सहा प्रती (म्हणजेच ग्रेड) आज सर्वत्र मानल्या जातात. ही वर्गवारी अमेरिकन अस्थिशल्यविशारद रॉकवूड यांनी १९८४ साली मांडली. पहिल्या प्रतीत सांध्याचे बंध फक्त ताणलेले असतात आणि एक्स-रे अगदी सरळ येतो. दुसरीत ते तुटतात, पण खालच्या दोऱ्या शाबूत असल्याने खांदा फारसा उतरत नाही. या दोन्हींत शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. तिसरीत दोऱ्याही तुटतात, आणि आकड्यापासून कॉलर बोनपर्यंतचे अंतर दुसऱ्या खांद्याच्या तुलनेत २५ ते १०० टक्क्यांनी वाढते. निरोगी माणसात हे अंतर साधारण ११ ते १३ मिलिमीटर असते. पाचवीत ते १०० टक्क्यांहून अधिक, कधी ३०० टक्क्यांपर्यंत वाढते, आणि कॉलर बोनचे टोक वरच्या स्नायूंचे आवरण फाडून कातडीखाली आलेले असते. चौथीत हाड वर जाण्याऐवजी मागे, मानेकडून येणाऱ्या स्नायूत घुसते. सहावी इतकी दुर्मिळ आहे की तिच्याविषयी इथे लिहिण्याची गरज नाही.

तुमची खरी अडचण इथे आहे. तुम्ही पाठवलेला एक्स-रे फक्त उजव्या खांद्याचा आहे, समोरून घेतलेला आहे, आणि त्यात कोपराखाली मुलाचा दुसरा हात आधाराला दिसतो. दुखऱ्या माणसाने कोपर धरून उभे राहणे अगदी स्वाभाविक आहे, पण त्या आधाराने खांदा वर उचलला जातो आणि अंतर कमी दिसते. डावा खांदा शेजारी नसल्याने कशाशी तुलना करावी हेही कळत नाही. आणि हाड मागे सरकले आहे का, हे समोरून घेतलेल्या चित्रात कळतच नाही. म्हणजे ही तिसरी प्रत असू शकते, पाचवी असू शकते, चौथीही असू शकते. आणि उपचार तर याच फरकावर अवलंबून आहे. दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले यामागे त्यांच्यातील मतभेदापेक्षा हा अपुरा एक्स-रेच अधिक कारणीभूत असावा असे मला वाटते.

म्हणून नवा एक्स-रे काढताना तंत्रज्ञांना पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात, किंवा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. मुलगा उभा असावा, पाऊच काढलेले असावे, दोन्ही हात मोकळे सोडलेले असावेत आणि दोन्ही खांदे एकाच फिल्मवर यावेत. एसी जॉइंटसाठी नळी १० ते १५ अंश वरच्या दिशेला कलवावी आणि किरणांची मात्रा नेहमीच्या खांद्याच्या एक्स-रेपेक्षा कमी ठेवावी, कारण नेहमीच्या मात्रेत हा छोटा सांधा काळा होऊन नाहीसा होतो. दुसरी फिल्म काखेच्या बाजूने घ्यावी, तिच्यात हाड मागे गेले असल्यास दिसते. मनगटाला वजने बांधून काढण्याचा एक्स-रे पूर्वी रूढ होता. त्यातून निर्णयात फारसा फरक पडत नाही आणि दुखते मात्र फार, म्हणून तो टाळावा. एमआरआयचीही आज गरज दिसत नाही. खांद्यातील इतर स्नायूबंध फाटल्याची शंका तपासणीत आली तरच त्याचा खर्च करावा.

तपासणी कशी व्हावी, हेही सांगतो, म्हणजे ती घाईत उरकली गेली तर तुमच्या लक्षात येईल. शर्ट आणि बनियन काढून मुलाला स्टुलावर बसवतात आणि डॉक्टर आधी मागून बघतात, कारण फरा किती उतरला आहे आणि हाड मागे घुसले आहे का हे पाठीकडून जास्त चांगले दिसते. मग छातीच्या मधल्या हाडापासून सुरुवात करून कॉलर बोनवरून एकेक बोट सरकवत टोकापर्यंत येतात, कारण मोठ्या आघातात कॉलर बोनचे दुसरे टोकही सुटलेले असू शकते किंवा मध्ये कुठे तडा असू शकतो. टोकावर बोट ठेवून दाबले तर ते पेटीच्या पट्टीसारखे खाली जाते आणि सोडताच वर येते. मुलाची आई रोज रात्री जे अनुभवते ते हेच. नंतर मुलाला दोन्ही खांदे कानांकडे उचलायला सांगतात. उचलल्यावर उंचवटा नाहीसा होत असेल तर हाडावरचे स्नायूंचे आवरण बहुधा शाबूत आहे आणि प्रत तिसरी आहे. उचलूनही हाड तसेच वर राहत असेल तर ते आवरणाच्या छिद्रातून, काजातून बटण निघावे तसे बाहेर आलेले असते, आणि ती पाचवी प्रत असण्याची शक्यता वाढते. शेवटी दुखऱ्या हाताचा पंजा दुसऱ्या खांद्यावर ठेवायला लावून, कॉलर बोन ॲक्रोमिअनवर चढते का हे बघतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना, मनगटाची नाडी आणि पकडीची ताकद या गोष्टी तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण त्या राहून जाता कामा नयेत.

चौथी किंवा पाचवी प्रत निघाली तर शस्त्रक्रियेचा सल्ला बहुतेक तज्ज्ञ देतील, विशेषतः एवढ्या तरुण आणि अंगाला अंग भिडणारा खेळ खेळणाऱ्या मुलाला, आणि मीही तोच देईन. तिसरी प्रत निघाली, आणि एकंदर वर्णनावरून मला तीच अधिक संभवनीय वाटते, तर माझा कौल आधी शस्त्रक्रियेविना उपचार करून पाहण्याकडे आहे. कॅनडातील अस्थिशल्यविशारदांच्या एका गटाने हा सांधा पूर्ण सुटलेल्या ८३ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. एका गटात हुकाची प्लेट टाकली आणि दुसऱ्याला झोळी व व्यायाम दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पहिल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया न केलेल्यांचे हात अधिक चांगले चालत होते. सहा महिन्यांनंतर आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दोन्ही गटांत हाताच्या कामगिरीत अर्थपूर्ण फरक उरला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात एक्स-रे अधिक सुबक दिसत होते. एक्स-रे सुबक दिसणे आणि हात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मुलाला दुसरी हवी आहे.

प्लेट सुचवणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवले असे मात्र समजू नका. तिसऱ्या प्रतीतही काहींचा खांदा मागेपुढे अस्थिर राहतो, आणि म्हणून २०१४ पासून या प्रतीचे स्थिर आणि अस्थिर असे दोन पोटभाग करावेत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासून ते ठरवावे, असे सुचवले जाते. तीन आठवड्यांची मुदतही त्यांनी भीती घालण्यासाठी सांगितलेली नाही. पहिल्या तीन आठवड्यांत हाडे जवळ आणून धरली तर तुटलेले बंध आपले आपण जुळू शकतात. नंतर ती क्षमता ओसरते आणि मग मांडीच्या मागच्या बाजूचा एखादा स्नायुबंध काढून नवी दोरी घालावी लागते. ती शस्त्रक्रिया थोडी मोठी असते, पण तिचेही परिणाम चांगले येतात. म्हणजे आज थांबल्याने दार कायमचे बंद होत नाही. म्हणून दहा दिवसांच्या आत प्रत निश्चित करून घ्या, चौथी-पाचवी असेल तर मुदतीत निर्णय घ्या, तिसरी असेल तर निर्धास्तपणे व्यायामाला लागा.

शस्त्रक्रिया करण्याची वेळ आलीच तर डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा : हुकाची प्लेट की बटण-दोरी? प्लेटचा हुक ॲक्रोमिअनच्या खाली अडकवतात आणि कॉलर बोन खाली धरतात. पकड भक्कम असते, पण हुक खालून हाड घासत राहतो, त्यामुळे साधारण तीन-चार महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून ती प्लेट काढावीच लागते. काही वर्षांपूर्वी एक तरुण मल्ल माझ्याकडे आला. प्लेट टाकून सव्वा वर्ष झाले होते, ती काढायची असते हे त्याला कोणी ठसवून सांगितलेच नव्हते, आणि हात डोक्यावर नेताना तो ओठ चावत होता. एक्स-रेत हुकाने वरच्या हाडात स्वतःसाठी एक खोल घर केलेले दिसत होते. प्लेट काढली, पण हात पूर्ण वर जायला त्यानंतरही बरेच महिने लागले. बटण-दोरीच्या पद्धतीत कॉलर बोन आणि आकडा यांना आरपार भोक पाडून मजबूत दोरा दोन बटणांवर घट्ट करतात. ती सहसा काढावी लागत नाही, मात्र दोरा सैल पडणे, जंतुसंसर्ग आणि क्वचित भोकातून हाड मोडणे हे धोके तिलाही आहेत. नुसत्या तारा घालून सांधा धरण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. त्या तारा सरकून छातीत पोहोचल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

उंचवट्याविषयी तुम्हाला खरे तेच सांगायला हवे. शस्त्रक्रिया केली नाही तर तो थोडाबहुत आयुष्यभर राहील. केली तर त्याच्या जागी व्रण येईल, आणि दोरी काहीशी सैल पडल्यास थोडा उंचवटाही परत येईल. दुखणे आणि ताकद यांच्याशी उंचवट्याच्या उंचीचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे.

आता व्यायामांकडे येतो, कारण बिनशस्त्रक्रियेचा उपचार म्हणजे काहीच न करणे, असा समज दुसऱ्या डॉक्टरांच्या तुटक वाक्यामुळे तुमच्या घरी झाला आहे. पाऊच दुखणे असेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन ते तीन आठवडे पुरते. त्याची उंची अशी असावी की कोपर खाली लोंबणार नाही, कारण पाऊच सैल असेल तर तो नसल्यातच जमा. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवावेत. बर्फ थेट कातडीला न लावता पंचात गुंडाळून १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. त्याहून तीव्र वेदनाशामके पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना घातक ठरू शकतात, म्हणून औषध-दुकानातून परस्पर आणू नयेत. रात्री पाठीमागे दोन-तीन उशा रचून अर्धवट बसते झोपावे आणि दुखऱ्या कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा.

दोन आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कमरेतून वाकून हात लोलकासारखा झुलवणे आणि दुसऱ्या हाताच्या मदतीने तो खांद्याच्या उंचीपर्यंत नेणे सुरू करावे. या काळात हात डोक्यावर नेणे, छातीवरून पलीकडे ओढणे आणि पाठीमागे नेणे टाळावे, कारण या तिन्ही हालचालींत सुटलेल्या सांध्यावर थेट ताण येतो. खरा भर फऱ्यावर द्यायचा आहे. शिंक्याच्या दोऱ्या तुटल्या असल्या तरी फऱ्याला वर आणि मागे धरणारे पाठीचे आणि मानेचे स्नायू जिवंत आहेत, आणि त्यांना कामाला लावले की तेच खांदा तोलून धरतात. दोन्ही फरे पाठीच्या मध्याकडे ओढून पाच अंक मोजेपर्यंत धरणे हा दिसायला किरकोळ व्यायाम आहे. खेळाडूंना तो कमीपणाचा वाटतो आणि ते तो सोडून थेट जोर मारायला जातात. तुमच्या मुलाला हे तुम्ही स्वतः समजावून सांगा. रबरी पट्ट्याचे व्यायाम साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू करता येतात. जोर, डिप्स आणि बेंच प्रेस ही या सांध्याला सर्वांत जाचणारी त्रयी आहे, ती सर्वांत शेवटी, तिसऱ्या महिन्यानंतर घ्यावी.

पोलीस भरतीबद्दल : दुखणे थांबल्यावर, बहुतेक चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, १६०० मीटरची तयारी सावकाश सुरू करता येईल, १०० मीटरचा वेगवान सराव त्यानंतर. अडचण गोळाफेकीची आहे. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो आणि तो मानेपासून सुटताना संपूर्ण जोर नेमका याच सांध्यातून जातो. तिसऱ्या महिन्याआधी गोळ्याला हात लावू नये. हात पूर्ण वर जातो, टोकावर दाबल्यास दुखत नाही, आणि दोन्ही हातांच्या ताकदीत फारसा फरक उरलेला नाही, असे फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितल्यावर हलक्या गोळ्याने सुरुवात करावी. चार महिन्यांत हे जमणे शक्य आहे, पण जेमतेम शक्य आहे, आणि शस्त्रक्रिया झाल्यास या भरतीचा विचार सोडून द्यावा लागेल. मुलाला हे आजच सांगितलेले बरे. कबड्डीत परतताना आधी एकट्याने चढाईचा सराव, मग मॅटवर हलकी पकड आणि मग सामना, असा क्रम ठेवावा. तीन महिन्यांच्या आत मैदानात उतरवण्यासाठी प्रशिक्षकांनी आग्रह केला तर हे पत्र त्यांना दाखवावे.

सदराच्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवतो. सोळा वर्षांखालील मुलाचे हाड असेच वर आलेले दिसले तर तो सांधा सुटलेला नसून बहुधा कॉलर बोनच्या वाढीच्या टोकाशी झालेला अस्थिभंग असतो. त्यात दोऱ्या हाडाच्या आवरणाला धरून राहतात, आवरणातून नवे हाड तयार होते, आणि बहुतेक मुले केवळ झोळीवर पूर्ण बरी होतात. अशा मुलाला घाईने शस्त्रक्रियेला नेऊ नये.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र काही खुणा दिसल्या तर दहा दिवस थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हात गार किंवा निळसर पडणे, बोटे बधिर होणे किंवा पकड ढिली पडणे, उंचवट्यावरची कातडी ताणून पांढरी पडणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा धाप लागणे, या त्या खुणा होत. अंगावर तिघे पडले होते असे तुम्ही लिहिता. अशा पडण्यात बरगडी मोडणेही संभवते, तेव्हा छातीही एकदा तपासून घ्यावी.

राहिला त्याच्या आईचा प्रश्न. रोज रात्री हाड दाबून पाहण्याने अपाय मोठा होत नसला तरी जुळू पाहणाऱ्या बंधांना उगाच हिसका बसतो, आणि सोडल्यावर ते वर आलेले पाहून त्यांच्या जिवाला घोर लागतो. त्यांचा हात वाया जाऊ नये असे मला वाटते. अंघोळीच्या वेळी पाऊच काढावे लागते आणि ओल्या अंगाने, लोंबत्या हाताने मुलगा उभा असतो, त्या पाच-सात मिनिटांत त्याला सर्वांत जास्त दुखते. तेवढा वेळ त्यांनी हाडावरची बोटे काढून घ्यावीत आणि तळहात त्याच्या कोपराखाली धरावा.